प्रमुख गायकाच्या वियोगानंतर : 'ललितकलादर्श'चे 'सत्तेचे गुलाम' आणि 'जेनेसिस'चे 'अ ट्रिक ऑफ द टेल'

प्रास्ताविक

एखाद्या संगीतसंस्थेची ओळख जेव्हा एका कंठाशी पूर्णपणे निगडित झालेली असते, तेव्हा तो कंठ नाहीसा झाल्यावर त्या संस्थेने निर्माण केलेली पहिली महत्त्वाची कलाकृती समीक्षेच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. त्या कलाकृतीत संस्थेचे नेमके भांडवल कोणते होते हे उघड होते. तोपर्यंत सर्व यश प्रमुख गायकाच्या नावावर जमा होत असते. चाली कोणाच्या, संहिता कोणाची, रंगमंचाची मांडणी कोणाची, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गायक गेला की हेच प्रश्न प्रथम उभे राहतात.

पाश्चात्त्य प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताच्या चर्चेत अशा कलाकृतीचे ठरलेले उदाहरण म्हणून 'जेनेसिस' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख होतो. पीटर गॅब्रिएल हा प्रमुख गायक बाहेर पडल्यानंतरची ही पहिली ध्वनिमुद्रिका होय. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या घटनेला अगदी जवळचे, आणि कालदृष्ट्या अर्धशतकाहून अधिक जुने असे उदाहरण उपलब्ध आहे, ही बाब मात्र फारशी लक्षात घेतली गेलेली नाही. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी पुणे येथे निधन झाले आणि त्यांनीच स्थापन केलेली 'ललितकलादर्श' ही मंडळी आपल्या प्रमुख गायकनटाला मुकली. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, या मंडळीने भा. वि. तथा मामा वरेरकर यांचे 'सत्तेचे गुलाम' हे नाटक रंगभूमीवर आणले. प्रस्तुत लेखात या नाट्यनिर्मितीचा विचार मुख्यत्वे केला असून 'जेनेसिस'चे उदाहरण त्यावर प्रकाश टाकण्यापुरते घेतले आहे.

ध्वनिमुद्रिका आणि संगीत नाटक यांची तुलना कितपत न्याय्य, अशी शंका येथे उपस्थित होऊ शकते. ती रास्त आहे. ध्वनिमुद्रिका ही एकदा सिद्ध झाली की कायम राहते. १९७६ मध्ये जे ऐकले गेले तेच आजही ऐकता येते. १९२२ चा प्रयोग मात्र त्या रात्रीबरोबर संपला. त्याच्याविषयी बोलताना संहिता, वरेरकरांचे 'माझा नाटकी संसार', पु. श्री. काळे यांचे 'ललितकलेच्या सहवासात' यांसारखी आत्मपर लेखने आणि पुढील काळातील आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : रिकामी झालेली जागा भरायची, की त्या जागेभोवतीची मांडणीच बदलायची?

किर्लोस्कर मंडळीचा दाखला

या प्रश्नाचे पहिले उत्तर मराठी रंगभूमीवर किर्लोस्कर नाटक मंडळीने दिले होते आणि तेही दोनदा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यानंतर 'सौभद्र'च्या काळात बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि त्यांच्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले. १९०१ मध्ये भाऊराव निवर्तले. मंडळीने आपल्या नाटकांची रचना बदलली नाही. तिने दुसऱ्या गळ्याची वाट पाहिली. हा शोध १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस या तरुणापाशी येऊन थांबला. बालगंधर्वांच्या गाण्याची आरंभीची तालीम जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे झालेली होती, ही गोष्ट खानदेशातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. तथापि किर्लोस्कर मंडळीची चार वर्षांची पोकळी भरून काढणाऱ्या कंठावरचे पहिले संस्कार मुंबई-पुण्यात नव्हे, तर जळगावात झाले होते, या वस्तुस्थितीचे महत्त्व रंगभूमीच्या इतिहासलेखनात पुरेसे उतरलेले नाही, हे येथे जाता जाता नमूद करणे गैर ठरणार नाही.

पहिल्या वेळी हे उत्तर यशस्वी झाले. याचे कारण भाऊराव गेले तरी बाकीचे सर्व शिल्लक होते. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार व तालीममास्तर मंडळीपाशी होता, नाटकांचा संचय होता, शंकरराव मुजुमदारांचे व्यवस्थापन होते. पोकळी खरोखरच एका गळ्याएवढीच होती.

दुसऱ्या वेळी तसे घडले नाही. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' गोविंदराव टेंबे यांच्या चालींसह रंगभूमीवर आले आणि मंडळी वैभवाच्या शिखरावर पोहोचली. त्याच वर्षी धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले. त्यांच्यासमवेत गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हेही गेले आणि 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन झाली. खाडिलकरांचे 'स्वयंवर' आणि देवलांचे 'संशयकल्लोळ' ही १९१६ ची दोन्ही नाटके नव्या मंडळीने केली. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. म्हणजे गायकाबरोबर संगीतकार गेला, जोडीचा नट गेला आणि पाठोपाठ नाटककारही गेले. किर्लोस्कर मंडळीने पुन्हा जुनेच उत्तर दिले. तिने मास्टर दीनानाथ मंगेशकर या अल्पवयीन, तेजस्वी गळ्याच्या मुलाला पुढे आणले. गडकऱ्यांचे 'पुण्यप्रभाव' याच काळात किर्लोस्करांच्या रंगमंचावर आले, हे विसरून चालणार नाही; मंडळी काही एका दिवसात निष्प्राण झाली नाही. परंतु १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून 'बलवंत संगीत मंडळी' काढली आणि किर्लोस्करांना पूर्वीची उंची पुन्हा लाभली नाही.

या दोन प्रसंगांची तुलना केली असता असे दिसते की, प्रमुख गायक जाणे ही घटना एकाच प्रकारची नसते. गायकासोबत आणखी काय गेले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. १९१३ च्या विघटनाचे वर्णन बहुधा 'बालगंधर्व गेले' एवढ्या दोन शब्दांत केले जाते. वस्तुतः किर्लोस्कर मंडळीला अधिक महागात पडले ते गोविंदराव टेंबे जाणे आणि खाडिलकरांचे नवे नाटक दुसरीकडे जाणे. गळा मिळाला होता. त्या गळ्यासाठी चाल बांधणारा आणि प्रसंग लिहिणारा पूर्वीच्या तोलाचा उरला नव्हता.

'ललितकलादर्श'ची स्थिती

केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे स्थापन झाली. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, १८९० चा. जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत बालवयात 'शारदे'ची भूमिका करून त्यांनी नाव मिळवले होते. अठराव्या वर्षात असलेल्या या नटाने स्वतःची मंडळी काढली, तिचा मालक तोच, प्रमुख गायक तोच, आकर्षणकेंद्रही तोच. चढा, धारदार आवाज, तानेची आक्रमक फेक आणि स्त्रीभूमिकेइतकीच पुरुषभूमिकेवर हुकमत, ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये म्हणून सांगितली जातात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकत्र उभे राहिले. मराठी संगीत रंगभूमीच्या ऐश्वर्याची ती परमावधी मानली जाते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले.

किर्लोस्कर मंडळीच्या तुलनेत 'ललितकलादर्श'चे नुकसान वरवर पाहता अधिक मोठे होते. येथे गायक आणि मालक एकच होता. मृत्यूमुळे झालेला वियोग असल्याने समेटाची, परतीची, निदान स्पर्धेची शक्यताही नव्हती. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले असता या मंडळीचे पुष्कळसे भांडवल अबाधित राहिले होते. वरेरकर हे 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' या नाटकांपासून मंडळीशी जोडलेले होते आणि ते मंडळीजवळच राहिले. पु. श्री. काळे यांच्यासारखा नेपथ्यकार होता. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे होते; त्यांच्यापाशी केशवराव शिकले होते. आणि मंडळीत बापूराव पेंढारकर होते. त्यांच्या गळ्यावरही बुवांचेच संस्कार होते.

शाहिरी फडाची परिभाषा वापरायची तर बापूराव हे झीलकरी होते. झीलकरी म्हणजे मागे उभा राहून सूर धरून ठेवणारा. खानदेशातील लोकगायनाच्या परंपरेशी परिचित असणाऱ्यांना हे ठाऊक आहे की, मुख्य गायक थकला किंवा निघून गेला की फड सहसा बाहेरून गायक आणीत नाही. झील धरणारा एक पाऊल पुढे येतो. सर्व चाली त्याला पाठ असतात, जागा माहीत असतात. श्रोत्यांना मात्र तो आजवर दिसलेला नसतो. नागर रंगभूमीवर मालकी, पगार, जाहिरात आणि चाहत्यांचा वर्ग यांची गुंतागुंत असल्याने हे साधे संक्रमण तेथे अवघड होऊन बसते. 'ललितकलादर्श'ने ते करून दाखवले आणि मंडळीची धुरा बापूरावांकडे आली.

नवे नाटक हीच मोकळी जागा

बापूरावांपुढची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. संगीत नाटक मंडळीचा चरितार्थ जुन्या नाटकांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या प्रयोगांवर चालत असे. या प्रत्येक प्रयोगात प्रेक्षक पदे ओळखत असे आणि प्रत्येक पदाच्या जागी त्याच्या कानात आधीच एक आवाज वाजत असे. केशवरावांनी गाजवलेले पद दुसरा कोणी गाऊ लागला की तो कितीही सुरेल असो, त्याचे गाणे हे तुलनेचा विषय होणार. तेथे अनुकरण केले तर नक्कल ठरते, बदल केला तर अपमान ठरतो.

यातून सुटण्याची वाट एकच होती : ज्या भूमिकेत दिवंगत गायक कधी गायलाच नाही, अशी भूमिका. 'सत्तेचे गुलाम'मधील वैकुंठ ही अशी भूमिका होती. तिच्यातील पदांना पूर्वस्मृती नव्हती. प्रेक्षकांना बापूरावांचा आवाज प्रथमच स्वतंत्रपणे, कोणाच्याही सावलीविना ऐकण्याची संधी या नाटकाने दिली. नव्या नाटकाची निवड ही मंडळीच्या दृष्टीने साहित्यिक अभिरुचीपेक्षाही अस्तित्वाची गरज होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'सत्तेचे गुलाम' हे त्या वर्षाचेच नाटक होते. असहकाराच्या चळवळीची छाया त्याच्यावर पडलेली आहे. वैकुंठ, नलिनी, केरोपंत ही त्यातील पात्रे पौराणिक किंवा ऐतिहासिक नाहीत. ती शहरातील, वकिली पेशाच्या परिसरातील, वर्तमानपत्र वाचणारी माणसे आहेत. कायदा, मालमत्ता आणि अधिकार यांच्या आधाराने माणूस माणसाला कसा अंकित करतो आणि त्या अधिकाराचा हव्यास बाळगणारा स्वतःच कसा गुलाम होतो, हा नाटकाचा विचार आहे. इब्सेनच्या वास्तववादी नाट्यतंत्राचे आकर्षण वरेरकरांना होते आणि काळे यांच्या नेपथ्याने त्याला दृश्य रूप दिले. रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहून श्रोत्यांना उद्देशून गाण्याची जुनी पद्धत आणि घराच्या दिवाणखान्यात बसून बोलणारी माणसे, या दोहोंत मूलभूत विरोध आहे. दिवाणखान्यातला वकील अर्धा तास ताना घेत बसला तर ते घर घर राहत नाही.

नेमक्या याच ठिकाणी केशवरावांचा वियोग आणि 'ललितकलादर्श'चे नवे वळण यांचा संबंध तपासावा लागतो. प्रचलित समजूत अशी की, मोठा गायक गेल्यामुळे मंडळीला गाण्याऐवजी विषयावर आणि नेपथ्यावर भर द्यावा लागला. म्हणजे दुर्बलतेतून नवेपण आले. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण कालानुक्रमाशी जुळत नाही. हुंड्याचा प्रश्न हाताळणारे 'हाच मुलाचा बाप' आणि धर्मांतराच्या प्रश्नाला भिडणारे 'संन्याशाचा संसार' ही दोन्ही नाटके केशवरावांच्या हयातीत, त्यांच्याच मंडळीने केली. सामाजिक, समकालीन नाटकाची दिशा स्वतः केशवरावांनी पत्करलेली होती. मात्र त्यांचा गळा हाच त्या दिशेने पुरते जाण्यातील अडथळा होता. ज्या गायकासाठी प्रेक्षक येतात, त्याला गाऊ दिलेच पाहिजे. वन्समोअर घेतलेच पाहिजेत. मग प्रसंगाची वीण सैल झाली तरी इलाज नसतो. हा दबाव १९२१ नंतर ओसरला. मंडळीत आधीपासून असलेली एक प्रवृत्ती मोकळी झाली, एवढेच १९२२ मध्ये घडले.

हे मोकळेपण फुकट मिळाले नाही. वरेरकरांच्या नाटकांतील पदे अनेकदा संवादाच्या प्रवाहात उपरी वाटतात. ती काढून टाकली तरी कथानकाचे काही बिघडत नाही. 'मानापमाना'तील किंवा 'स्वयंवरा'तील पदाविषयी असे म्हणता येत नाही. तेथे पद हेच प्रसंगाचे शिखर असते. 'सत्तेचे गुलाम'मध्ये विचाराला धार आली, दृश्याला सत्यता आली, परंतु संगीत हे नाट्याच्या केंद्रातून अलंकाराच्या पातळीवर सरकले. वरेरकरांच्या प्रचारकी सुराविषयी पुढे जी टीका झाली तिच्यात तथ्य आहे. केशवरावांचा गळा असता तर त्या प्रचारकीपणावर सुरांचे पांघरूण पडले असते. ते दूर झाल्यामुळे संहितेचे गुण आणि दोष दोन्ही उघड्यावर आले. बापूरावांच्या सुबोध, भावानुकूल गाण्याने नाटक तोलले. पण गाण्यासाठी नाटक सहन करण्याची प्रेक्षकांची जुनी सवय तेथून पुढे या मंडळीच्या बाबतीत सुटत गेली. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील 'तुरुंगाच्या दारात' (१९२३) आणि गिरणी कामगारांच्या जीवनावरील 'सोन्याचा कळस' (१९३२) या पुढील नाटकांकडे पाहिले म्हणजे ही वाट मंडळीने जाणीवपूर्वक चालवली असे दिसते. संगीत रंगभूमीच्या अभिमान्यांना ही ऱ्हासाची खूण वाटते. नाटकाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचे मोल अधिक आहे, असेच म्हणावे लागेल.

'जेनेसिस'चे समांतर उदाहरण

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे रॉक संगीतातील तो प्रवाह, ज्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य अभिजात संगीताची दीर्घ रचना, बदलते ताल आणि कथनपर काव्य यांचा स्वीकार केला. चार्टरहाउस या इंग्लंडमधील शाळेतल्या विद्यार्थ्यांतून १९६७ मध्ये उभा राहिलेला 'जेनेसिस' हा या प्रवाहातील अग्रगण्य वाद्यवृंद. त्याची सार्वजनिक प्रतिमा ही पीटर गॅब्रिएलची प्रतिमा होती. तो मुखवटे घालून, वेषांतरे करून, गाण्यांच्या मधल्या वेळेत कथा सांगून रंगमंच व्यापीत असे. १९७२ मध्ये लाल झगा व कोल्ह्याचे डोके अशा वेषात तो रंगमंचावर आला आणि वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' (१९७४) या ध्वनिमुद्रिकेच्या दीर्घ दौऱ्यानंतर, १९७५ मध्ये तो बाहेर पडला. ऑगस्ट १९७५ मध्ये ही बातमी जाहीर झाली तेव्हा आता 'जेनेसिस' संपले, असा अनेकांचा समज झाला.

उरलेल्या चौघांनी, म्हणजे टोनी बँक्स, माइक रुदरफर्ड, स्टीव्ह हॅकेट आणि फिल कॉलिन्स यांनी, प्रथम किर्लोस्कर मंडळीचेच उत्तर अवलंबिले. त्यांनी बाहेरच्या गायकांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कोणीही पसंतीस उतरला नाही. अखेर लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना तालवादक कॉलिन्स यानेच गाण्याची जबाबदारी घेतली. तो अचानक गायक झाला असे सांगितले जाते, ते खरे नाही. १९७० पासून तो मागे सूर धरीत होता आणि 'नर्सरी क्राइम' (१९७१) व 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) या ध्वनिमुद्रिकांत एकेक गाणे त्याने प्रमुख आवाजात गायलेही होते. हाही झीलकरीच.

फेब्रुवारी १९७६ मध्ये 'अ ट्रिक ऑफ द टेल' प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिच्या यशाचे कारण शोधताना कॉलिन्सच्या आवाजाचे गॅब्रिएलच्या आवाजाशी असलेले साम्य पुढे केले जाते. साम्य आहे, यात शंका नाही. परंतु पहिलेच गीत, 'डान्स ऑन अ व्होल्केनो', ऐकले तरी लक्षात येते की रचनेचा भार आवाजावर नाहीच. सात मात्रांच्या विषम आवर्तनात गिटार आणि तालवाद्ये आपला इमला उभा करतात आणि आवाज त्यात नंतर येऊन बसतो. 'एन्टँगल्ड'मध्ये बारा तारांच्या गिटारींचे जाळे हेच गीताचे मुख्य अंग आहे. बँक्स आणि रुदरफर्ड या रचनाकारांनी स्वररचनेची सूत्रे पूर्वीही सांभाळली होती. फक्त आधी श्रेय संपूर्ण वृंदाच्या नावे छापले जाई, या ध्वनिमुद्रिकेपासून प्रत्येक गीताखाली रचनाकाराचे स्वतंत्र नाव येऊ लागले. एवढा लहानसा मुद्रणविषयक बदल पुष्कळ बोलका आहे. गायक गेल्यावर चाली कोणाच्या, हे सांगण्याची वेळ आली होती.

गॅब्रिएल कथाकार होता. त्याच्या जाण्याने कथनच संपुष्टात येईल, अशी भीती होती. तिचेही निरसन याच ध्वनिमुद्रिकेत झाले. शीर्षकगीतामागे विल्यम गोल्डिंगच्या 'द इन्हेरिटर्स' या कादंबरीची प्रेरणा आहे, तर 'स्क्वाँक' हे पेनसिल्व्हेनियाच्या लोककथेतील, पकडले असता अश्रूंत विरघळून जाणाऱ्या प्राण्याविषयीचे गीत आहे. पकडायला जावे तो हाती केवळ ओल उरते, ही प्रतिमा त्या क्षणी वृंदाला सुचली हा योगायोग असेलही. समीक्षकाने त्यावर फार भार टाकू नये. परंतु शेवटची 'लॉस एंडोस' ही वाद्यरचना मात्र योगायोग नाही. तिच्यात आधीच्या गीतांतील सुरावटी पुन्हा येतात आणि अगदी अखेरीस, आवाज विरत असताना, गॅब्रिएलच्या काळातील 'सपर्स रेडी' या दीर्घरचनेतील शब्द कॉलिन्सच्या तोंडून क्षणभर ऐकू येतात. गेलेल्या सहकाऱ्याला दिलेला हा निरोप संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत संयत क्षण आहे.

कॉलिन्सने मुखवटे घातले नाहीत. प्रत्यक्ष कार्यक्रमांत तालवादनासाठी १९७६ मध्ये बिल ब्रुफर्ड याला सोबत घेण्यात आले आणि कॉलिन्स पुढे येऊन साध्या कपड्यांत, हलक्याफुलक्या निवेदनासह गाऊ लागला. प्रकाशयोजना आणि वादन यांना अधिक वाव मिळाला. 'ललितकलादर्श'मध्ये केशवरावांनंतर नेपथ्य आणि संहिता यांना जे महत्त्व आले, त्याच्याशी याचे नाते स्पष्ट आहे. फरक पुढच्या प्रवासात पडतो. १९७७ मध्ये हॅकेटही बाहेर पडला आणि १९८० च्या दशकात 'जेनेसिस' सुटसुटीत, लोकप्रिय गीतांकडे वळले. प्रयोगशीलता मागे पडली. वरेरकर-बापूराव यांच्या मंडळीने उलट अधिक अवघड विषयांकडे मोर्चा वळवला. एकाच प्रकारच्या वियोगातून एक संस्था बाजारपेठेच्या अधिक जवळ गेली, दुसरी सामाजिक प्रश्नाच्या. याचे कारण गायकांत शोधण्यापेक्षा लेखकात शोधावे लागेल. 'जेनेसिस'चे रचनाकारच तिचे गीतलेखक होते आणि त्यांची अभिरुची काळाबरोबर बदलली. 'ललितकलादर्श'चा लेखक मंडळीच्या बाहेरचा, स्वतःचा आग्रह असलेला माणूस होता आणि मंडळीने त्याला सोडले नाही.

गुरूचे सातत्य

या सर्व विवेचनात एक नाव मागे राहिले आहे. रामकृष्णबुवा वझे यांचे निधन १९४५ मध्ये झाले. केशवराव त्यांच्याकडे शिकले. बापूराव त्यांच्याकडे शिकले. १९३७ मध्ये बापूरावांचेही निधन झाले आणि मंडळी दुसऱ्यांदा प्रमुख गायकाला मुकली. तेव्हा त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर अवघे पंधरा वर्षांचे होते. तेही पुढे वझेबुवांकडेच शिकले. म्हणजे 'ललितकलादर्श'चे तीन प्रमुख गायक एकाच गुरूच्या तालमीतून आलेले आहेत. गळे तीन, स्वभाव तीन, प्रेक्षकांच्या पिढ्या तीन; स्वराचा लगाव, शब्दोच्चाराची शिस्त आणि आलापाकडे पाहण्याची दृष्टी मात्र एका ठिकाणाहून आलेली. किर्लोस्कर मंडळीला १९१३ नंतर हे सातत्य लाभले नाही. प्रेक्षागृहात न दिसणारा, जाहिरातीत ज्याचे नाव लहान अक्षरांत येई असा हा घटक संस्थेच्या टिकाऊपणाच्या दृष्टीने निर्णायक ठरला, हे मान्य करावयास हवे.

१९४२ मध्ये भालचंद्र पेंढारकरांनी 'ललितकलादर्श' पुन्हा उभी केली. त्यासाठी त्यांनी 'सौभद्र' निवडले नाही, 'मानापमान'ही नाही. त्यांनी 'सत्तेचे गुलाम' निवडले आणि वैकुंठाची भूमिका स्वतः केली. वीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेला कोणतीही पूर्वस्मृती नव्हती, तिच्यात आता वडिलांचा आवाज होता. त्या प्रेक्षागृहात बापूरावांना ऐकलेले अनेक जण बसलेले असणार. जे ओझे टाळण्यासाठी बापूरावांना नवे नाटक लागले, तेच ओझे त्यांच्या मुलाने समजून उमजून उचलले.

पुढे 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर' अशी स्वतःच्या काळातील नाटके भालचंद्रांनी रंगभूमीवर आणली आणि ती गाजवली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात होणाऱ्या संगीत नाटकांचे ध्वनिमुद्रण ते वर्षानुवर्षे स्वतः यंत्रापाशी बसून करीत असत. त्यात स्वतःच्या मंडळीची नाटके होती, तशी इतर संस्थांचीही होती. त्या फितींमध्ये अनेक गायक आहेत. केशवराव नाहीत आणि १९२२ चा वैकुंठही नाही.